आत्याने न वाचलेली बातमी

माझ्या आत्याने जेवताना नुसतं मीठ मागितलं तरी समोरचे पाहुणे सावरून बसत. "जरा मीठ इकडे सरकवा," एवढंच ती म्हणायची. पण त्याच आवाजात सगळ्या देशाने पूर ऐकला होता, संचारबंदी ऐकली होती, सरकार कोसळल्याचं ऐकलं होतं, त्यामुळे मीठ सरकवणारा आधी खिडकीबाहेर डोकावून घ्यायचा. बाजारात तिने कांद्याचा भाव विचारला की भाजीवाली भाव सांगायच्या आधी दुकान आवरायला घ्यायची. तिचं तरी काय चुकलं? बातमीबाई रस्त्यावर येऊन बोलतेय म्हणजे काहीतरी घडलं असणारच. आत्या चिडायची. "अहो, मीसुद्धा कांदे खाते!" म्हणायची, आणि तेही इतक्या स्पष्ट उच्चारात की शेजारची दोन दुकानं आवरायला लागायची.

हा विनोद आमच्या घरात पुष्कळ वर्षं चालला. मग तो बंद पडला. का बंद पडला तेच सांगायचं आहे. शांतपणे सांगेन असं वचन मात्र देत नाही.

साहेबांच्या राज्यात आत्या रेडिओ केंद्रावर टेलिफोन जोडून द्यायचं काम करायची. आपल्या भाषेतल्या बातम्यासुद्धा साहेबच वाचायचा, आणि अशा वाचायचा की तोंडात गरम बटाटा धरलाय असं वाटावं. सत्ता सोपवायच्या दिवशी दुपारी तो खुर्चीवरून उठला, पाणी प्यायला, टोपी घातली आणि बंदराकडे चालता झाला. जहाज काही त्याच्यासाठी थांबणार नव्हतं. इकडे झेंडा शिवून तयार होता, बँड तयार होता, मिठाईसुद्धा आली होती, पण बातमी कोण वाचणार याचा विचार एकाही शहाण्याने केला नव्हता. संचालकांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि आत्याला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. "वाच," म्हणाले. आत्याने वाचलं, "हे केंद्र आजपासून आपलं आहे." बंदरावर कर्ण्याखाली कामगारांच्या गर्दीत माझे बाबा उभे होते. ते म्हणे खांबावर चढून ओरडले, "ही माझी ताई आहे रे! माझी सख्खी ताई!"

त्या दिवसापासून आत्या त्या खुर्चीतून उठली नाही. खुर्चीवर तिचं प्रेम होतं आणि तिचे नियमही होते. हातात सही केलेला कागद आल्याशिवाय वाचायचं नाही, हा पहिला. कागदात एक शब्द आपल्या पदरचा घालायचा नाही, हा दुसरा. बाबा तिला डिवचायचे, "ताई, तू काय, कोणाचंही वाचतेस." त्यावर ती म्हणायची, "मी वाचते. मी बोलत नाही. खोटं वाचलं असेन, खोटं बोलले नाही कधी." बाबा हसायचे. "हा फरक तुलाच कळतो बघ," म्हणायचे. खरं तर आईलाही कळायचा. आई आपल्या या नणंदेला जेवढी मानायची तेवढी कोणालाच मानत नव्हती. वन्संच्या तोंडून खोटं येत नाही, हे आईचं आवडतं वाक्य होतं.

केंद्रावर आत्याचं भांडण होतं ते एकाच माणसाशी. ध्वनिमुद्रणाच्या फिती कापून जोडणारा एक जण होता, त्याला सगळे कात्री म्हणत. साहेबांच्या हाताखाली शिकलेला. बोलणाऱ्याचा श्वास ऐकू येणं म्हणजे असभ्यपणा, असं साहेबाने त्याच्या डोक्यात भरवलं होतं, आणि साहेब गेला तरी ते डोक्यातून गेलं नाही. जे ध्वनिमुद्रण हाती येईल त्यातला एकूणएक श्वास तो ब्लेडने कापून काढायचा आणि फितीची टोकं चिकटपट्टीने जोडायचा. आत्या म्हणायची, "अरे, बोलणारा माणूस आहे हे कळू दे की लोकांना." तो म्हणायचा, "बाई, श्वास घरी जाऊन घ्या." बातम्या ती थेट वाचायची म्हणून त्यातले श्वास वाचले. पण त्या बातम्यांच्याही फिती भरून ठेवत, आणि त्या फितींच्या खोलीची किल्ली कात्रीच्या कंबरेला असायची.

देशाचं काय झालं ते शाळेत मीच शिकवते, त्यामुळे थोडक्यात सांगते. आधी मास्तर आले. खरोखरच शाळामास्तर होते. त्यांनी देश वर्गासारखा चालवला. पहिल्या वर्षी सगळे खूश. मग जो गडबड करील त्याला वर्गाबाहेर उभं करायला लागले, आणि होता होता वर्गात थोडे आणि बाहेरच जास्त अशी वेळ आली. मग एका सकाळी मार्शल आले. त्यांचे रणगाडे मास्तरांच्या घराकडे नाही गेले, थेट रेडिओ केंद्रावर आले. मास्तरांना त्यांच्याच रेडिओवर कळलं की आपण आता कोणी नाही. अर्थात आत्याच्या आवाजात. तिला कागद दिला, कागदावर सही होती, तिने वाचला.

बाबा बंदर कामगार संघाचे सरचिटणीस होते. साहेबांविरुद्ध संप केला तेव्हा त्यांना तुरुंगात टाकलं होतं आणि सुटल्यावर हार घातले होते. मार्शलविरुद्ध संप केला तेव्हा त्याच तुरुंगात टाकलं. कोठडीही तीच निघाली. बाबांनी भिंतीवर कोरलेलं आपलं नाव पुन्हा वाचलं असेल, असं आई सारखी म्हणायची. ती दर आठवड्याला तुरुंगाच्या दारावर धुतलेले कपडे नेऊन द्यायची आणि मळके घेऊन यायची. एका आठवड्याला पहारेकऱ्याने मळक्यांच्या जागी धुतलेला, घडी केलेला सदरा दिला. आई तो रस्ताभर हुंगत आली. बाबांचा वास नव्हता. घामाचा नव्हता, विडीचा नव्हता, नुसता साबणाचा होता. घरी येऊन ती मला म्हणाली, "धुवायला लागलेत वाटतं तिथे. बरंय." तिचा चेहरा मला आवडला नाही.

त्याच दिवसांत आत्या तापाने फणफणली. ती एकटी राहायची, केंद्राजवळच्या एका इमारतीत, एका खोलीत. तीन-चार दिवस तिला कशाची शुद्ध नव्हती. जरा उतार पडल्यावर एका सकाळी ती आमच्याकडे आली, भिंतीला धरत धरत. आईने तिला स्वयंपाकघरात बसवलं. बसल्या बसल्या आत्याने तांदळाचं ताट ओढलं आणि निवडायला लागली. आई चुलीपाशी होती. मी टेबलापाशी पुस्तकांना कव्हरं घालत होते, शाळा बंदच होत्या. फळीवर रेडिओ चालू होता, बँडची ती नेहमीची धून वाजली.

आणि फळीवरून आत्या बोलायला लागली.

"बंदर कामगार संघाच्या सरचिटणीसांची प्रकृती उत्तम असून सरकारने त्यांची मुक्तता केली आहे. स्वतःच्या इच्छेने आणि सरकारच्या परवानगीने त्यांनी देश सोडला आहे. परिस्थिती निवळताच ते परत येतील."

मी आत्याकडे पाहिलं. तिचं तोंड मिटलेलं होतं. चिमटीत एक खडा होता, तो तसाच हवेत. आईने आधी रेडिओकडे पाहिलं, मग आत्याकडे, मग पुन्हा रेडिओकडे, आणि भर उजेडात त्या खोलीत मला अशी भीती वाटली की मी टेबलाखाली पाय वर ओढून घेतले. तो आवाज आत्याचा होता. त्यात शंकेला जागा नव्हती. पण तो कुठे थांबत नव्हता. एका वाक्यातून दुसऱ्यात, पाण्यातून पाण्यात जावं तसा गेला. संपला तेव्हा मला कळलं की इतका वेळ मीही श्वास घेतला नव्हता.

आई मटकन खाली बसली आणि रडायला लागली, हसत हसत. "वन्सं! अहो, मघापासून गप्प बसलात! सांगायचं नाही का मला?"

"वहिनी," आत्या म्हणाली, "मी नाही वाचलं हे."

ती तशीच उठली आणि केंद्रावर गेली. तिथलं तिने मला पुष्कळदा सांगितलंय, दरवेळी तेच शब्द. दारावरच्या पहारेकऱ्याने सलाम ठोकला. "बाई, ताप उतरला का? काल संध्याकाळी गाडीतून उतरलात तेव्हा चेहरा अगदी पांढराफटक होता." आत्या म्हणाली, "मी काल आले नव्हते." तो हसला, थट्टा समजून. आत बातम्यांच्या खोलीत मुख्य संपादक म्हणाले, "काल एवढ्या तापातही आजच्या सकाळचं काय वाचून ठेवलंत, बाई!" चहावाल्याने विचारलं, "कालचा चहा तसाच ठेवून गेलात, कडू झाला होता का?" लाल दिवा लागलेला एकाने पाहिला होता. आत्याला जिना चढताना हाताला धरलं होतं दुसऱ्याने. कोणी अडखळत नव्हतं, कोणी नजर चुकवत नव्हतं. आत्या म्हणायची, "एकाने जरी खाली पाहिलं असतं ना, तरी मला बरं वाटलं असतं."

खाली पाहत होता तो एकटा कात्री. पण तो कामामुळे नेहमीच खाली पाहायचा. त्याच्या बोटांना चिकटपट्टीचे तुकडे लागलेले होते.

"हे तू केलंस?"

"बाई, आवाज तुमचाच आहे की," तो म्हणाला. "मी कुठून आणणार?"

"ती फीत पुन्हा लाव."

त्याने लावली. आत्याने डोळे मिटून ऐकली. 'परिस्थिती निवळताच' पुराच्या वर्षातलं होतं, तेव्हा तिचा घसा बसला होता. 'स्वतःच्या इच्छेने' एका मंत्र्याच्या राजीनाम्यातलं. 'परत येतील' हे मास्तर परदेश दौऱ्यावर गेले होते तेव्हाचं, 'मंगळवारी परत येतील' यातलं मंगळवार काढलेलं. ते दोन शब्द तिने हसऱ्या आवाजात वाचले होते, कारण त्याच सकाळी बाबांनी केंद्रावर फोन करून सांगितलं होतं की मुलगी झाली. म्हणजे मी. आणि सगळ्या घोषणेत एकही श्वास नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा आत्याला त्या कापलेल्या श्वासांचा आधार वाटला. कागद नाही, सही नाही, श्वास नाही, म्हणजे मी नाही, असं तिने मनाशी घट्ट धरलं. कात्री तेवढ्यात हळूच म्हणाला, "तापात माणसाला आठवत नाही, बाई. तसंच समजा. तुमच्यासाठी बरं, माझ्यासाठी बरं."

आमच्याकडे परत येऊन तिने हे सगळं आईला सांगितलं. आई तांदूळ धूत होती. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "तापात गेला असाल वन्सं. तुम्हाला आठवत नसेल."

"वहिनी, मी शपथ घेऊन सांगते."

"सगळ्यांनी बघितलं म्हणतायत ना? मग?" आईने पाणी ओतलं. "आणि शेवटचं 'परत येतील' तुम्ही कसं वाचलंत, वन्सं! असं मनातून आल्याशिवाय वाचता येतं का कोणाला?"

आत्याने पदराने कपाळ पुसलं. काय आणि कोणत्या तोंडाने सांगणार? मी वाचलं नाही म्हणजे घोषणा खोटी. घोषणा खोटी म्हणजे तुरुंगाच्या दारावर मिळालेला तो सदरा मेलेल्या माणसाचा. हे शब्द आत्याला आईसमोर उच्चारावे लागणार होते, आणि आई तर समोर उभी राहून तिला सांगत होती की उच्चारू नका. मला तेव्हा हे कळलं नाही. कळलं तेव्हा दोघींचाही राग आला, तो आजही गेलेला नाही.

आत्याला घरी बसवलं. प्रकृतीच्या कारणाने, असा कागद आला, सहीनिशी. आवाज मात्र कामावरून सुटला नाही. पुढे कित्येक वर्षं तो रोज सकाळी हजर होता. आत्या दुकानात साबण घ्यायला रांगेत उभी असायची आणि दुकानातल्या रेडिओवर आत्या सांगायची की शहरात शांतता आहे. रांगेतली माणसं एकदा रेडिओकडे बघत, एकदा तिच्याकडे, आणि मग बुटांकडे. दुकानदार रेडिओ बंद करू शकत नव्हता आणि तिला बाहेर जा म्हणू शकत नव्हता, घाईघाईने साबण पुढे करायचा. हळूहळू आत्याने बाहेर बोलणं सोडलं. बोट दाखवायची, मान हलवायची. "एक शब्द सांडला तरी उचलतील," मला म्हणायची. घरातही कुजबुजायची. आणि कधी कधी, भाजी चिरता चिरता, विळी थांबवून मला विचारायची, "खरंच गेले असेन का गं मी? ताप डोक्यात गेला होता ना माझ्या?"

मी म्हणायचे, "नाही आत्या." पण मी काय साक्ष देणार? ती संध्याकाळ कोणीच पाहिली नव्हती.

आईचं वेगळंच चाललं होतं. बाबा गेले तेव्हा चाळिशीचे होते, पण आमच्या घरात ते चाळिशीचे राहिले नाहीत. दोन-तीन वर्षांनी आईने त्यांच्या विजारी कमरेत सैल केल्या. "बाहेरचं खाऊन सुटले असतील," म्हणाली. मग तिने त्यांच्यासाठी स्वेटर विणला, कारण या वयात थंडी सोसत नाही. मग चष्म्याची एक चौकट आणून ठेवली. एक दिवस मी शाळेतून आले तर दाराच्या कोपऱ्यात काठी. नवी, रबराच्या टोकाची. मी पिशवी तिच्याशेजारी टेकवली. त्या घरात एक माणूस म्हातारा होत होता आणि त्याला मी सोडून सगळे सांभाळून घेत होते. कोणी आईला सरकारी कागदावर 'मयताची पत्नी' लिहायला सांगितलं की आई आत्याकडे बोट करायची. "यांनी स्वतः वाचलंय. विचारा त्यांना." आणि लोक आत्याकडे बघायचे. आत्या भिंतीकडे बघायची.

मार्शल पळाले ते असेच एका सकाळी. आत्या आमच्याकडे शेंगा सोलत होती. फळीवरून तिचाच आवाज म्हणाला की देश आता मुक्त आहे, नागरिकांनी शांत राहावं. आई म्हणाली, "वन्सं, तुम्ही छान वाचता हो अजून." आत्याने शेंगांचं सूप उचललं आणि मागच्या खोलीत जाऊन बसली.

नव्या लोकांनी चौकशी आयोग नेमला. नाहीशा झालेल्या माणसांच्या घरच्यांना बोलावणं आलं. आमची बाजू मांडणाऱ्या वकिलीणबाईंनी आम्हाला सरळ समजावलं. कात्री मरून गेला होता, फितींच्या खोलीला तर मार्शलच्या माणसांनी जाता जाता आगच लावली होती, उरली होती ती त्या घोषणेची एक फीत आणि आत्याचा शब्द. "तुम्ही एवढंच सांगा की मी हे वाचलं नाही. मग त्यांचं काय केलं, कुठे पुरलं, याचं उत्तर सरकारला द्यावंच लागेल." मी आत्याचे दोन्ही हात धरले. मला बाबा हवे होते. हाडं का असेनात, मला ती हवी होती. आत्या कुजबुजली, "सांगते. इतकी वर्षं तेच तर सांगतेय."

आई येणार नव्हती. पण त्या सकाळी ती चांगली साडी नेसून तयार होऊन बसली. निघताना आत्याला एवढंच म्हणाली, "वन्सं, जे खरं तेच सांगा."

सभागृह गच्च भरलेलं होतं. न्यायमूर्ती म्हातारे होते, सभ्य होते. त्यांनी आत्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, समोर मायक्रोफोन ठेवला. मग फीत लावली. पुन्हा तो आवाज, श्वास न घेणारा, तरुण. आत्या सत्तरीला टेकली होती आणि समोरच्या यंत्रातून तीच बोलत होती, एका दिवसानेही म्हातारी न होता. मी आईकडे पाहिलं. आई पहिल्या बाकावर होती. तिचे ओठ फितीबरोबर हलत होते, शब्दन् शब्द. 'परत येतील' आलं तेव्हा तिचा चेहरा असा उजळला की मला ती लग्नाआधी कशी दिसत असेल ते कळलं. आत्याही तिच्याकडेच बघत होती.

"हा आवाज तुमचा आहे?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"माझा आहे."

"ही घोषणा तुम्ही वाचलीत?"

आत्याने मायक्रोफोन जरासा जवळ ओढला. पंखा फिरत होता. वकिलीणबाई पुढे झुकल्या. मी मनात म्हणत होते, बोल, बोल, बोल.

"हो," आत्या म्हणाली. "मीच वाचली."

वकिलीणबाई उभ्याच राहिल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "मार्शलची पोपटीण!" न्यायमूर्तींनी हात वर केला आणि म्हणाले, "नोंदीसाठी एकदा वाचून दाखवाल?" कारकुनाने कागद आणून दिला. आत्याने तो सरळ धरला, खांदे मागे घेतले आणि वाचायला लागली. किती वर्षांनी ती मोठ्याने बोलत होती! आवाज जरासा फाटला, मग स्थिरावला. मध्येच तिने श्वास घेतला, मायक्रोफोनवर सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा. फितीत तो नव्हता. एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही. शेवटचे दोन शब्द तिने आईकडे बघून वाचले आणि वाचताना हसली.

बाहेर पायऱ्यांवर मी तिच्याशी बोलत नव्हते. कोणी तिच्या पायाशी थुंकून गेलं. आई पुढे झाली, आपल्या पदराने तिचं पाऊल पुसलं, आणि वाकलेली असतानाच म्हणाली, "वन्सं, आज पहिल्यांदा वाचलंत."

आत्याला कळलं नाही. मलाही नाही.

"त्या संध्याकाळी मी आले होते खोलीवर. औषध घेऊन," आई उभी राहत म्हणाली. "दार नुसतं लोटलेलं होतं. तुम्ही तापाने बेशुद्ध होता, मला ओळखलंही नाहीत. संचारबंदी लागायची वेळ होईपर्यंत मी उशाशी बसले होते, कपाळावरच्या घड्या बदलत. कुठली गाडी आली नाही. तुम्ही कुठे गेला नाहीत."

मी ओरडले. भर रस्त्यात ओरडले. "तुला माहीत होतं? आई, ही वेडी व्हायची राहिली! तू एक शब्द बोलली असतीस तर..."

"बोलले असते तर ते त्याच सकाळी मेले असते," आई म्हणाली. "तिथे स्वयंपाकघरात. माझ्या तोंडून. नाही जमलं मला."

आत्या पायरीवर बसली. मला वाटलं आता ती आईला काहीतरी बोलेल, बोलायलाच हवं होतं, मी तिच्या जागी असते तर आईचं तोंड पाहिलं नसतं. पण आत्या नुसती मान हलवत राहिली. "म्हणजे मी गेले नव्हते," ती म्हणाली. मग कुजबुजायचं विसरून, पूर्ण आवाजात, "मी गेले नव्हते!" रस्त्यावरची माणसं जागच्या जागी थांबली. आईने तिला हाताला धरून उठवलं आणि दोघी माझ्यापुढे चालायला लागल्या, एकमेकींना सांभाळत.

आयोगाने लिहिलं की बंदर कामगार संघाचे सरचिटणीस परवानगीने देशाबाहेर गेले. पुढच्या उन्हाळ्यात जुन्या छावणीमागचं मैदान खणायला घेतलं. ज्यांची माणसं नाहीशी झाली होती त्यांना पत्रं गेली, बक्कल, घड्याळ, बुटाचा तळ ओळखायला या म्हणून. आम्हाला पत्र आलं नाही. आई घरीच राहिली. आत्या आणि मी न बोलावता गेलो. मैदानाभोवती दोरी बांधली होती आणि दोरीपाशी एक तरुण शिपाई होता, यादीतल्या घरच्यांना आत सोडत होता. उन्हात म्हातारी उभी आहे म्हटल्यावर त्याला दया आली. त्याने दोरी जराशी खाली धरली.

"आजी, तुमचं कोण आहे इथे?"

आत्या खणलेल्या मातीकडे बघत होती. मी तिचा हात दाबला. तिने श्वास घेतला.

"कोणी नाही," ती म्हणाली.

आवाज ओळखून तो चमकला, ताठ उभा राहिला. बातमीबाईच म्हणतेय म्हटल्यावर त्याने पुन्हा विचारलं नाही, दोरी वर घेतली.